कोमॉक्सचा अँड्र्यू आणि पिंपळगाव सराईचा अक्षय

चार वर्षांसाठी सैन्यात भरती होणाऱ्या अग्निवीराला शहीद म्हणायचं की नाही, यावरून आमच्या घरात २०२३ च्या ऑक्टोबरपासून वाद चालू आहे. परवा फोनवर तो पुन्हा निघाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते सियाचिनवर कर्तव्यावर असताना गेला. घरच्यांना पेन्शन नाही म्हणून विरोधकांनी सरकारला धरलं. सैन्याने विम्याचे ४८ लाख, सानुग्रह अनुदान ४४ लाख असा हिशेब जाहीर केला. माझा मामेभाऊ, दादा, म्हणतो, "एवढे पैसे भेटले ना, अजून काय पाह्यजे?" वहिनी म्हणते, पेन्शन हवीच. दोघं तासभर तावातावाने बोलले. अक्षयबद्दल एक वाक्य नाही. माझं डोकं फिरलं ते यानेच.

मी कॅनडात नानायमोला राहते. इथून वर दीडेक तासावर कोमॉक्स. तिथला कॉर्पोरल अँड्र्यू एकेलेनबूम कॅनडाच्या सैन्यात मेडिक होता, एडमंटनच्या १ फील्ड ॲम्ब्युलन्स या वैद्यकीय तुकडीचा. मेडिक म्हणजे डॉक्टर नव्हे. गोळी लागलेल्या माणसाजवळ आधी पोचणारा, रक्त थांबवणारा, त्याला जिवंत मागे पाठवणारा. ११ ऑगस्ट २००६ ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकजवळ त्याच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला. त्यात तो गेला. वय २३. घरी परतायची वेळ जवळ आली होती. मित्र त्याला बूमर म्हणायचे.

त्याच्या आईने, मॉरीनबाईंनी, काय केलं? अफगाणिस्तानात तान्ही बाळं थंडीने दगावतात हे कळल्यावर लोकरीच्या टोप्या विणायला घेतल्या. बघता बघता गावोगावच्या बायका विणू लागल्या. 'बूमर कॅप्स' म्हणून त्या टोप्या सैनिकांच्या हातून बाळांच्या डोक्यावर गेल्या. ज्या देशात मुलगा मारला गेला, त्याच देशातल्या बाळांच्या. पुढे त्याच्या नावाने निधी उभा राहिला. सैनिकांना समोर कुणी अडलेलं दिसलं तर मदतीला पैसे मिळावेत म्हणून.

आमच्या ग्रंथालयातल्या गटात मीही विणली आहे. ऐंशी टाके घालायचे, कडेला दोन सुलट दोन उलट, म्हणजे टोपी कानावर घट्ट बसते. पूर्ण झालेली टोपी माझ्या मुठीवर जेमतेम चढते. एवढंसं ते डोकं. ती हातात घेतल्यावर अँड्र्यू मला बातमीतला सैनिक वाटेनासा झाला.

आता दादा म्हणेल, तिकडे सगळं गोडच. नाही. त्याच २००६ च्या एप्रिलपासून कॅनडाने जखमी सैनिकांची आजीवन पेन्शन बंद करून एकरकमी भरपाई आणली, आणि त्यावर माजी सैनिक वर्षानुवर्षं भांडले, कोर्टात गेले. पैशाचं भांडण इथेही आहे. पण त्या भांडणात पोरगं हरवलं नाही. आपल्याकडे चौकात बॅनर लागतो, आणि महिन्याभरात त्याच जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा.

वहिनी मात्र लागेल असं बोलली. "तिथल्या पोराचं एवढं माहीत तुम्हाले, ताई. इथल्याचं?" मी चिडले. ११ नोव्हेंबरला, इथल्या सैनिक-स्मरण दिनी, स्मारकापाशी छातीवर लाल पॉपीचं फूल लावून उभी राहते, तिथे कुणी मला परकी म्हणत नाही, असं काहीबाही सुनावलं. पण खरं सांगायचं तर त्या दोन मिनिटांच्या शांततेत माझ्या मनात कोमॉक्स कमी आणि सियाचिन जास्त असतं. तिथे मी कुणासाठी उभी आहे, हे शेजारच्यांना सांगता येत नाही. आणि बुलढाण्यात सांगितलं तर कुणाला पटत नाही.

दादाच्या घरापासून पिंपळगाव सराई गाडीने तासभरही नाही. म्हटलं, जाऊन ये. अक्षय शाळेत कसा होता, त्याला काय आवडायचं, त्याच्या आईला आता काय हवंय, विचार. तो म्हणाला, "अन् मी कोन म्हून जाऊ?"

लोकर उचलताना मला कुणी हे विचारलं नव्हतं. डिसेंबरात येतेय, तेव्हा आपण दोघं जाऊ, असं त्याला सांगितलंय. तोवर पेन्शनसाठी भांडायचं तर भांडा. ती मिळायलाच हवी.