सोड म्हटलं की सोडायचं ना!

गणपतीत सांगलीला गेले होते तेव्हा भाच्याने मला कोपऱ्यात गाठलं. नववीत आहे. दादाने त्याला कबूल केलंय, दहावी झाली की एक कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घेऊन देऊ, पण एकच, आणि मग पुढची पाच वर्षं त्या विषयावर तोंड उघडायचं नाही. त्यामुळे पोराचा अभ्यास जोरात चाललाय, अर्थात कन्सोलचा. सोनीचा प्लेस्टेशन, म्हणजे पीएस फाइव्ह, १०.२८ टेराफ्लॉप्स (मशीन सेकंदाला किती गणितं करतं त्याचं माप) वगैरे. मी सहज म्हटलं, "अरे, निन्टेन्डोचा स्विच टू पण बघ की." वाढदिवसाला कंपासपेटी देऊ केल्यासारखं बघितलं त्याने माझ्याकडे.

"आत्या, निन्टेन्डो म्हणजे नुसती गिमिकं गं. चित्रविचित्र कंट्रोलर काढायचे आणि आत मशीन जुनंपानं."

हात उकडीने बरबटलेले होते, त्यामुळे तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, पोरगा सपशेल चुकीचं बोलत नाहीये. २००६ साली निन्टेन्डोचा 'वी' नावाचा कन्सोल आला, तो आतून म्हणजे २००१ चा गेमक्यूबच, जरा जोर लावलेला. प्रोसेसर ४८५ मेगाहर्ट्झचा होता तो ७२९ वर नेला. एचडी चित्र नाहीच. त्याच महिन्यात सोनीचा पीएस थ्री आला, ३.२ गिगाहर्ट्झचा सेल प्रोसेसर आणि ब्लू-रे घेऊन. अमेरिकेत वी २५० डॉलरला, पीएस थ्री ५०० आणि ६०० डॉलरला. कागदावर ही कुस्ती लावायचीच नाही अशी. आणि विकले किती? वी १० कोटींच्या वर, पीएस थ्री पावणेनऊ कोटींच्या आसपास.

गंमत अशी की त्याआधीच्या फेरीत निन्टेन्डोने ताकदीचाच डाव टाकला होता. गेमक्यूब हा पीएस टूपेक्षा दमदार होता. विकला गेला २ कोटी १७ लाख. पीएस टूने १५ कोटी पार केले. आता पीएस टूवर डीव्हीडीही बघता यायची, गेम ढिगाने होते, कारणं बरीच आहेत. पण ताकद जास्त म्हणून गेमक्यूबला कुणी हार घातला नाही, एवढं खरं. सातोरू इवाता तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते, स्वतः प्रोग्रॅमर माणूस. त्यांनी वेगळाच प्रश्न धरला: जो माणूस गेम खेळतच नाही, त्याला नेमकी भीती कशाची वाटते?

उत्तर आमच्या घरात होतं. बाबा.

दादाने पहिल्या पगारातून पीएस टू घेतला होता. बाबा जिल्हा परिषदेत अकाउंट्सला, आकडेमोडीत कुणाला ऐकायचे नाहीत. त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यावर अंगठ्याने फिरवायच्या दोन काड्या, एका काडीने चालायचं, दुसरीने बघायचं. पाच मिनिटं बाबांचा हीरो आभाळाकडे बघत भिंतीला धडका देत होता. मग त्यांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला, चष्मा पुसला आणि "बातम्या लाव" म्हणाले. परत कधी हात लावला नाही. चौदा-पंधरा बटणं आहेत त्यावर, कधी मोजून बघा. आपल्याला ती दिसेनाशी झालीत, कारण आपण लहानपणापासून ती दाबतोय.

मग २००८ मध्ये दादा प्रोजेक्टवर अमेरिकेला गेला आणि येताना वी घेऊन आला. (त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा. ते न वाचता मीच तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचला. वास आला. त्या वासाबद्दल दादा अजून बोलतो. नवा अडॅप्टर मिळेपर्यंत तीन आठवडे गेले.) शेवटी एका रविवारी सगळं जुळलं. बॉक्समध्येच 'वी स्पोर्ट्स' होता, त्यातलं बोलिंग लावलं. आजी तेव्हा चौऱ्याहत्तरची. भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "मला दे."

बोलिंग करायचं म्हणजे रिमोटच्या पोटाशी असलेलं बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि बटण सोडायचं. रिमोटला मनगटात अडकवायची दोरी असते. आजीच्या पाटल्यांवरून ती काही बसेना, म्हणून राहू दे म्हटलं. दादा शेजारी उभा राहून सांगतोय, "आजी, हात मागे, मागे, आता पुढे, आता सोड!"

आजीने सोडला. रिमोट. तो गेला थेट शोकेसच्या काचेवर. आतला संगमरवरी ताजमहाल आडवा झाला. सगळे गप्प. आजी शांतपणे म्हणाली, "सोड म्हटलं की सोडायचं ना!"

जगभर हेच चाललं होतं म्हणा. वी बाजारात येऊन महिना होतो न होतो तोच कंपनीला जाड दोऱ्या फुकट बदलून द्याव्या लागल्या, पुढच्या वर्षी रिमोटला रबरी अंगरखेही वाटले. पण माझा मुद्दा काचेचा नाही. आजीने पदर खोचला, दोरी पाटल्यांच्या खाली सरकवून घेतली आणि चौथ्या-पाचव्या फेरीत दहाच्या दहा बाटल्या पाडल्या. हात नेमका कधी सोडायचा हे तिला सागरगोट्यांपासून माहीत होतं. दोन काड्या आणि चौदा बटणं यांच्यात ते कसब कुठे मांडायला जागाच नव्हती. इथे जागा मिळाली. त्या दिवशी बाबाही उठले. टेनिस खेळताना त्यांचा हात पंख्याला लागला, ते वेगळं.

भाच्या, तू ज्याला गिमिक म्हणतोस ते हे.

आणि त्यात फार भारी तंत्रज्ञान नव्हतं, हेच मला जास्त आवडतं. रिमोटमध्ये हालचाल ओळखणारी एक छोटी चिप आणि तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीवर एक पट्टी ठेवायची, तिला म्हणायचं सेन्सर बार, पण तिच्यात सेन्सर नसतोच मुळी! दोन्ही टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे. रिमोट ते दोन ठिपके बघतो आणि त्यावरून आपण पडद्यावर कुठे रोखलंय ते काढतो. या पद्धतीचा मूळपुरुष निन्टेन्डोचाच, गुन्पेई योकोई. त्याचं म्हणणं असं की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, खोडी माहीत असलेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते कुणी लावलं नसेल अशा जागी लावा. कॅल्क्युलेटरचा पडदा घेऊन त्याने १९८० मध्ये गेम अँड वॉच हा हातात धरून खेळायचा छोटा गेम केला. १९८९ चा गेम बॉयही त्याच्याच हाताखाली तयार झाला. पडदा शेवाळी रंगाचा, काळपट. समोर सेगाचा गेम गियर रंगीत, पण सहा सेल घालून चार-पाच तासांत आडवा. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. कोण जिंकलं ते तुला माहीत आहे.

अजून एक, हा मला फार आवडतो. निन्टेन्डोच्या झेल्डा मालिकेतला 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हा गेम गेमक्यूबसाठी बनत होता. त्यातला हीरो लिंक डावखुरा. तोच गेम वीवरही आणायचं ठरलं, आणि वीवर तलवार फिरवायची म्हणजे आपला हात फिरणार. बहुतेकांचा उजवा. मग काय करायचं? त्यांनी वीसाठी अख्खा गेम आरशात धरल्यासारखा उलटा केला. पूर्वेचं सगळं पश्चिमेला, पश्चिमेचं पूर्वेला. खेळणाऱ्याच्या हातासाठी नकाशा फिरवला! टेराफ्लॉप्स मोजणाऱ्यांना हे सुचणार नाही असं मी म्हणत नाही. पण सुचायची गरज पडत नाही, हे नक्की.

बरं, आता दुसरी बाजू, कारण भाचा कमेंटमध्ये येणार आहे.

वी आमच्या घरी पाच-सहा महिने गाजला आणि मग त्याच्यावर आईने विणलेलं कव्हर आलं. बाकीच्या कंपन्यांनी जे गेम काढले त्यांतल्या बऱ्याच गेमांत बटण दाबायच्या ऐवजी रिमोट हलवायचा, एवढीच अक्कल होती. उडी मारायला झटका, मारामारीला झटका, दार उघडायला झटका. डाळ घोटल्यासारखं. आणि मशीन कमजोर असल्याने मोठे गेम यायचेच नाहीत. जीटीए फोर २००८ मध्ये आला, तो वीवर कधीच आला नाही. मी स्वतः आज कशावर खेळते? पीएस फोरवर, साधा कंट्रोलर मांडीवर घेऊन. 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये बर्फातून घोडा नेताना मला हात हवेत फिरवायचा नसतो. दिवसभर ऑफिस केलेलं असतं हो. ती ताकद मला हवी आहे, खोटं कशाला बोलू.

आणि विचित्र म्हणजे चांगलंच असंही नाही. वी यू घ्या. २०१२, कंट्रोलरमध्येच मोठा टचस्क्रीन. सगळी जुनी बटणं तशीच, त्यात वर एक पडदा. आता वर बघायचं की खाली? १ कोटी ३६ लाखांवर गाडी थांबली. योकोईचा व्हर्च्युअल बॉय, १९९५, लाल रंगाचा तो डोळेफोड्या, वर्षभरातच गुंडाळला. म्हणजे गुरूही चुकला. आणि मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट! कॅमेरा तुमच्या अंगाची हालचाल बघणार, हातात काहीच नको, तुम्हीच कंट्रोलर. ऐकायला काय छान. एकट्याने खेळायला कॅमेऱ्यापासून सहा फूट, दोघांना आठ फूट. आमच्या पुण्याच्या वन-बीएचकेत आठ फुटांवर स्वयंपाकघराचा ओटा लागतो. शिवाय हातात काहीच नसलं की सोडायचं काय? आजीला बोलिंग जमलं कारण मुठीत काहीतरी धरलेलं होतं. २०१३ मध्ये त्यांनी कायनेक्ट आपल्या एक्सबॉक्स वन या कन्सोलच्या गळ्यात बांधला, किंमत गेली ५०० डॉलरला, पीएस फोर ४०० ला. वर्ष व्हायच्या आत कायनेक्ट सोडून विकायला लागले.

यातून मी माझ्यापुरती एक चाळणी केली आहे. विचित्र कंट्रोलर काहीतरी कमी करतोय का? वीने बटणं कमी केली. वी यूने पडदा वाढवला. आणि तो कंट्रोलर का बनवला हे पटवणारा गेम डब्यातच आहे का? वी स्पोर्ट्स डब्यात होता. पीएस फाइव्हमध्येही 'अॅस्ट्रोज प्लेरूम' आधीपासून घालून ठेवलेला असतो. तो खेळताना धनुष्य ओढलं की ट्रिगर बोटाला जोर लावून विरोध करतो. भाच्या, तुझ्या १०.२८ टेराफ्लॉप्सच्या मशीनबद्दल तुझ्या मित्राने तुला पहिल्यांदा काय सांगितलं होतं? तो ट्रिगर. तूच मला फोन करून सांगितलंस.

तुझा 'नॉर्मल' कंट्रोलरही बघ एकदा नीट. डाव्या अंगठ्याखालची ती अधिकची खूण योकोईचीच, १९८२ ची, गेम अँड वॉचवरची. काडी घराघरात रुजली ती निन्टेन्डो ६४ मुळे, १९९६. हातातला कंट्रोलर थरथरणं त्यानंतरच्या वर्षीचं. सगळी त्या त्या वेळची खुळंच. आणि ज्याला दोन्ही हात वापरता येत नाहीत त्याच्यासाठी तुझा हा नॉर्मल कंट्रोलर म्हणजेच सगळ्यात चमत्कारिक वस्तू. २०१८ चा एक्सबॉक्सचा अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर बघ. पुढे दोन थाळीएवढी बटणं, मागे १९ भोकं. पायाचं पेडल लाव, हनुवटीने दाबायचं बटण लाव, काय जमेल ते लाव. गेल्या काही वर्षांत या धंद्यात मला त्याच्याइतकं काही आवडलेलं नाही. त्याच कंपनीने कायनेक्टही काढला होता, म्हणजे बघ.

आणि आपल्या जवळचं एक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी कुठे आला? स्विचवर. पीएस आणि एक्सबॉक्सवर नंतर. तेव्हा स्विच आपल्याकडे अधिकृत मिळतसुद्धा नव्हता. मोठी ताकद भरायला माणसं लागतात, शेकड्यांनी, वर्षानुवर्षं. छोट्या टीमकडे ती नसतात. भाच्याला गेम बनवायचेत म्हणे मोठेपणी, म्हणून सांगते.

तरी तू पीएस फाइव्हच घेणार हे मला माहीत आहे. घे. मी येऊन खेळणार आहेच.

फक्त दिवाळीत मी सांगलीला येतेय, तेव्हा एक दुपार माझ्यासाठी ठेव. वी माळ्यावरून काढून ठेवलाय असं आई म्हणाली. रिमोटच्या खणात जुन्या सेलचा पांढरा थर आलाय, तो व्हिनेगर लावून कानकोरण्याने पुसून घे. दोरी कापू नकोस, तिला आजीच्या पाटलीचा ओरखडा आहे. बाबांच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला तीन रंगांच्या पिना अजून लागतात. सेन्सर बारची वायर उंदराने कुरतडली आहे, पण त्याचं काही अडत नाही. देवघरातली दोन निरांजनं टीव्हीसमोर एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवायची. ज्योतीतही इन्फ्रारेड असतं, रिमोटला तेच दोन ठिपके दिसतात.

पंखा मात्र बंद ठेवावा लागेल.