लेप्टो कुत्र्याच्या जिभेवरून येत नाही, काका

मागच्या आठवड्यात वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं आणि रात्रीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'ठाणेकरांनो सावधान' येऊन धडकलं. टाकलं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. सकाळी तेच ऐरोलीच्या मावशीकडून आलं, दुपारी भावाच्या ऑफिसातून. मजकूर थोडक्यात असा: लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, हा कुत्र्यांचा रोग आहे, कुत्र्याने चाटलं की होतो. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दिली असेल तर निर्धास्त राहा. पायाला जखम नसेल तर साचलेल्या पाण्यातून चालायला हरकत नाही. पाण्यातून आलात तर घरातल्या सगळ्यांनी पाच दिवस डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या घ्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत: आवारातले भटके कुत्रे हटवा, रोग आपोआप जाईल.

काका, राग नसावा. पण यातलं एकेक घेऊ.

'कुत्र्यांचा रोग, चाटल्याने होतो.' कुत्र्याला लेप्टो होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो, हे खरं. माझ्या घरी कुत्रा आहे म्हणून मी ते झाकणार नाही. या जंतूच्या एका प्रकाराचं नावच कॅनिकोला आहे, कुत्र्यावरून पडलेलं. पण हा जंतू बाहेर पडतो तो लघवीतून. ती पाण्यात, चिखलात मिसळते आणि तिथून तो आपल्या अंगात शिरतो. लघवी कुत्र्याची असेल, गाई-म्हशींची असेल, डुकरांची असेल; शहरात बहुतेक वेळा ती उंदरा-घुशींची असते. जपानमध्ये 1915 साली कोळसा खाणीतल्या आजारी मजुरांच्या रक्तात हा जंतू पहिल्यांदा ओळखला गेला आणि थोड्याच काळात तो उंदरांच्या मूत्रपिंडातही सापडला. उंदीर स्वतः आजारी पडत नाही. जंतू बाळगतो आणि जाईल तिथे सोडत राहतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, पाणी ओसरलं आणि मागोमाग लेप्टोचे रुग्ण आले. त्या रात्री माणसं कमरेभर पाण्यातून घरी आली होती. त्यांना कुठल्या कुत्र्याने चाटलं नव्हतं.

लाळेतून येणारे जंतू वेगळे. कुत्र्याच्या तोंडात पाश्चुरेला असतो, कॅप्नोसायटोफागा नावाचा एक असतो. चाटण्याने धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण ज्यांची प्लीहा काढलेली आहे, लिव्हर बिघडलेलं आहे, रोज दारू लागते, त्यांना तो दुसरा जंतू फार महागात पडू शकतो. उघड्या जखमेवर कुत्र्याला चाटू देऊ नये, एवढं सगळ्यांनीच पाळावं. चावलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना भरत बसायचं नाही.

'रेबीजची लस दिली की निर्धास्त.' इथे मी स्वतः तोंडावर आपटलेली आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्या बंड्याने खाणं सोडलं. वाटलं, पावसाने फिरणं बंद आहे म्हणून रुसलाय. दुसऱ्या दिवशी उलट्या. व्हेटने त्याचा वरचा ओठ उचलून हिरडी दाखवली, पिवळट. मग त्याला उताणा करून पोटावरची विरळ केसांची कातडी ट्यूबलाइटखाली धरली. हळदीचा हात फिरवल्यासारखी. "लसी?" मी मोठ्या दिमाखात फाइल पुढे केली. त्यांनी काही न बोलता एका रकान्यावर बोट ठेवलं. अँटीरेबीजचा स्टिकर ताजा होता. शेजारचा नाइन-इन-वनचा, म्हणजे अनेक रोगांवरच्या एकत्रित लसीचा, सव्वा वर्षापूर्वीचा. मला 'लस झाली' म्हणजे सगळं झालं असंच वाटत होतं.

रेबीज हा विषाणू, लेप्टो हा जिवाणू. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. लेप्टोची लस त्या सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वनमध्ये असते. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दर वर्षी न चुकता. तीही लेप्टोच्या सगळ्या प्रकारांना पुरत नाही. आणि हो, रस्त्यावरच्या ज्या कुत्र्याच्या कानाचं टोक कापलेलं दिसतं, त्याची नसबंदी झालेली असते आणि रेबीजची लस टोचलेली असते. लेप्टोची त्यात धरू नका.

बंड्या वाचला. आधी सलाइन आणि इंजेक्शनं, मग दोन आठवडे डॉक्सी, कारण कुत्रा बरा दिसायला लागला तरी मूत्रपिंडात जंतू राहू शकतो आणि महिनोन्महिने लघवीतून येत राहतो. ते दोन आठवडे मी हातमोजे घालून त्याची लघवी वर्तमानपत्राने टिपत होते, फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसत होते आणि रोज रात्री स्वतःच्या काखेत थर्मामीटर लावत होते. त्यामुळे काका, 'कुत्र्यापासून काहीच होत नाही' असं माझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही.

'जखम नसेल तर हरकत नाही.' जखम म्हणजे रक्त वाहिलंच पाहिजे असं नाही. टाचेच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या, नव्या चपलेने सोललेला अंगठा, एवढं पुरतं. तासभर भिजून मऊ पडलेल्या कातडीतूनही जंतू जातो. डोळ्यांतून, नाकातोंडातून जातो; रिक्षाने उडवलेलं पाणी आठवा. गमबूट घाला, नाहीतर पाणी उतरेपर्यंत थांबा.

'सगळ्यांनी पाच दिवस डॉक्सी.' गोळी उपयोगी आहे, फॉरवर्ड नाही. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून आलात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या. किती घ्यायचं ते एकदाच चाललात, जखम होती, की रोज गटारात उतरून काम करता, यावर ठरतं. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी देत नाहीत, वेगळं औषध देतात. घरात बसलेल्या आजीला तर कशाचीच गरज नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मेसेजमध्ये आलेलीच नाही. लक्षणं साधारण पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, म्हणजे ताप येईपर्यंत आपण ते पाणी विसरलेले असतो. पोटऱ्या ठणकतात, डोके दुखतं, डोळे लाल होतात. डॉक्टर मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्या लिहून देतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. आपणच सांगायचं की अमुक दिवशी पाण्यातून चाललो होतो, घरी कुत्रा आजारी होता. पहिल्या काही दिवसांत लेप्टोची रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना संशय असेल तर ते रिपोर्टसाठी न थांबता औषध सुरू करतात. डोळे पिवळे झाले किंवा लघवी कमी झाली तर घरी थांबू नका.

'कुत्रे हटवा.' 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना होते तिथेच परत सोडायचं असतं. सोसायटीने टेम्पो मागवून त्यांना खाडीपलीकडे सोडून येणं त्यात बसत नाही. पण कायदा जरा बाजूला ठेवू. परवा रात्री साडेअकराला बंड्याला खाली नेलं. बी विंगच्या ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, ते गणपतीपासून नाही. डब्यातून मांजराएवढी घूस उतरली, भिंतीकडेने निवांत चालत मीटर रूमच्या दाराखालच्या फटीतून आत गेली. त्या फटीसमोर पाणी साचलेलं असतं आणि सकाळी तिथूनच आपली पोरं स्कूल बसकडे पळतात. आवारातले तिन्ही कुत्रे त्या वेळी पार्किंगमध्ये झोपलेले होते.

रविवारी कमिटीची मीटिंग आहे. नोटीस बोर्डावरच्या विषयपत्रिकेत तीन नंबरला 'भटके कुत्रे' आहे. त्याखाली मी पेनाने दोन विषय वाढवून आले आहे: डब्यांची झाकणं आणि मीटर रूमचं दार.