ख्रिस्टींची लाट आणि घरी बसलेले तीन लाख

न्यू जर्सीत निवडणूक जवळ आली की एक जुना फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. आमच्या एडिसनकडच्या मराठी गटांवर तर तो येतोच, गणपतीच्या वर्गणीच्या निरोपासारखा. मजकूर साधारण असा: ‘२०१३ साली रिपब्लिकन राज्यपाल ख्रिस ख्रिस्टी यांनी डेमोक्रॅटांच्या बालेकिल्ल्यात ६० टक्के मतं घेऊन इतिहास घडवला. जनतेने पक्ष विसरून त्यांच्या धोरणांना कौल दिला. लॅटिनोसुद्धा फिरले. इतक्या मताधिक्याने पुन्हा निवडून आलेला माणूस राष्ट्राध्यक्ष होणारच होता, पण पुलाच्या भानगडीने घात केला.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी.

टक्केवारी खरी आहे, ते आधीच मान्य करतो. ५ नोव्हेंबर २०१३ ला ख्रिस्टींना ६०.३ टक्के मतं पडली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या बार्बरा ब्युओनो यांना ३८ च्या किंचित वर. २१ पैकी १९ काउंटी (म्हणजे इथले जिल्हे) ख्रिस्टींकडे गेल्या, फक्त एसेक्स आणि हडसन राहिल्या. लॅटिनोंचा मुद्दाही हवेतला नाही, त्याकडे येतोच. घोळ आहे तो या आकड्यांतून काढलेल्या अर्थात.

त्याआधी ‘राज्यपाल’ या शब्दाचं बघू. आपल्या डोळ्यांपुढे राजभवन येतं, राष्ट्रपतींनी नेमलेले, शपथविधीला दिसणारे गृहस्थ येतात. इथला गव्हर्नर म्हणजे थेट लोकांनी निवडलेला मुख्यमंत्रीच, आणि न्यू जर्सीचा तर जरा जास्तच बलवान. राज्याचा ॲटर्नी जनरल तो नेमतो, अर्थसंकल्पातली एकेक तरतूद तो स्वतः खोडू शकतो. एवढी सत्ता हाती असलेला माणूस पुन्हा उभा राहतो, तेव्हा निम्मी लढाई आधीच झालेली असते.

आता ‘इतिहास घडवला’. टक्केवारी बाजूला ठेवून मतं मोजा. २००९ मध्ये ख्रिस्टींना सुमारे ११ लाख ७४ हजार मतं होती, २०१३ मध्ये १२ लाख ७९ हजार. चार वर्षांची कमाई साधारण एक लाख. त्यातही २००९ मध्ये ख्रिस डॅगेट या अपक्षाने सुमारे १ लाख ४० हजार मतं घेतली होती, ती यावेळी मोकळी होती. दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक उमेदवाराची मतं १० लाख ८८ हजारांवरून ८ लाख १० हजारांवर आली. एकूण मतदानच तीन लाखांनी घसरलं. नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्केही फिरकले नाहीत, गव्हर्नरच्या निवडणुकीत तोवरचा तो नीचांक होता. ज्याला लाट म्हणतात त्यात पाणी वाढलं थोडं, समोरचा किनारा उघडा पडला जास्त.

मग ते तीन लाख घरी का बसले? इथे फॉरवर्ड एकदम गप्प आहे. ब्युओनो यांना त्यांच्याच पक्षाने वाऱ्यावर सोडलं होतं. लोकांना ज्यांच्याकडून आशा होती ते नूअर्कचे महापौर कोरी बुकर यांनी गव्हर्नरकीचा नाद सोडून वॉशिंग्टनच्या सिनेटची वाट धरली. एसेक्स काउंटीचे डेमोक्रॅटिक प्रमुख जो डिव्हिन्सेंझो यांनी तर उघड ख्रिस्टींना पाठिंबा दिला. निकालाच्या रात्री हार मान्य करताना ब्युओनो यांनी स्वपक्षातल्या बड्या धेंडांनी गव्हर्नरशी सौदा केल्याचा आरोप केला. आपल्याकडे याला ‘आतून मदत’ म्हणतात. कुठल्याही जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा अनुभव असलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

त्यातच बुकर यांच्या तारखेची गंमत. जून २०१३ मध्ये सिनेटर फ्रँक लॉटनबर्ग वारले. त्या जागेची पोटनिवडणूक ५ नोव्हेंबरलाच उरकता आली असती. ख्रिस्टींनी ती १६ ऑक्टोबरला लावली, बुधवारी, अवघ्या तीन आठवडे आधी. वेगळ्या निवडणुकीसाठी राज्याचे कोट्यवधी डॉलर गेले. लोकांना निवडून आलेला सिनेटर लवकर मिळावा, असं त्यांचं म्हणणं होतं. विरोधक म्हणाले, बुकर यांचं नाव ख्रिस्टींच्या मतपत्रिकेवर नको होतं, म्हणून हा खटाटोप. हेतू काहीही असो, परिणाम एकच: बुकर यांच्यासाठी बाहेर पडणारा मतदार ऑक्टोबरमध्ये येऊन गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला पुन्हा येण्याचं विशेष कारण उरलं नाही.

‘धोरणांना कौल’ हे वाक्य मात्र मला सगळ्यात खटकतं, कारण त्याचं उत्तर त्याच यंत्रावर होतं. तेव्हा इथल्या बहुतेक केंद्रांवर एक भलामोठा फलक असलेलं यंत्र असे. सगळे उमेदवार आणि जनतेपुढचे प्रश्न एकाच फलकावर. नावाजवळचा चौकोन दाबला की हिरवी फुली उजळायची. त्या दिवशी त्याच फलकावर एक प्रश्न होता: किमान वेतन ताशी ८.२५ डॉलर करून दरवर्षी महागाईनुसार वाढवावं का? किमान वेतनवाढीचं विधेयक ख्रिस्टींनी त्याच वर्षी जानेवारीत नकाराधिकार वापरून परत पाठवलं होतं, म्हणून विधिमंडळाने राज्यघटना दुरुस्तीचा प्रश्न थेट लोकांपुढे ठेवला. सुमारे ६१ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. म्हणजे गव्हर्नरना जेवढी टक्केवारी, जवळपास तेवढीच त्यांनी अडवलेल्या गोष्टीला! लाखो लोकांनी एक फुली ख्रिस्टींपुढे उमटवली, आणि दुसरी त्यांच्या नकाराधिकारावर.

विधिमंडळाचंही तेच. राज्याचं सिनेट २४ विरुद्ध १६, खालचं सभागृह असेंब्ली ४८ विरुद्ध ३२, दोन्हीकडे बहुमत डेमोक्रॅटांचं राहिलं. खरी लाट कशी असते हे याच राज्याने १९८५ मध्ये पाहिलं होतं. रिपब्लिकन टॉम कीन सुमारे ७० टक्के घेऊन पुन्हा निवडून आले आणि सोबत असेंब्लीही पक्षाच्या ताब्यात आणली. ख्रिस्टींच्या मागून कोणी आत आलं नाही.

मग लोकांनी त्यांना मतं कशाला दिली? सँडीमुळे, असं मला वाटतं. २९ ऑक्टोबर २०१२ ला ते वादळ किनाऱ्यावर आदळलं. निळं जाकीट घातलेला गव्हर्नर रात्रंदिवस टीव्हीवर, आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आठवड्यावर असताना ओबामांसोबत उद्ध्वस्त किनाऱ्यावर. त्यांची लोकप्रियता सत्तरीपार गेली. संकटात उभा राहिलेला माणूस लोक विसरत नाहीत, आणि विसरूही नये. पण ते आभार होते, करार नव्हता.

लॅटिनोंचं: मतदानोत्तर चाचणीत ५१ टक्के लॅटिनोंनी ख्रिस्टींना मत दिल्याचं दिसलं. चाचणी होते ती आलेल्यांची, न आलेल्यांची नाही. शिवाय त्याच चाचणीत विचारलं होतं की २०१६ ला ख्रिस्टी विरुद्ध हिलरी क्लिंटन झालं तर काय. उत्तर: हिलरी ४८, ख्रिस्टी ४४. त्यांना नुकतंच मत देऊन बाहेर पडलेल्या राज्याचं हे उत्तर आहे. फॉरवर्डमध्ये पहिली गोष्ट आहे, दुसरी गायब.

‘राष्ट्राध्यक्ष होणारच’ याला आधार अगदीच नाही असं नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट १९३० मध्ये न्यूयॉर्कमधून, धाकटे बुश १९९८ मध्ये टेक्सासमधून ६८ टक्क्यांनी पुन्हा निवडून आले आणि पुढे व्हाइट हाउसमध्ये गेले. पण रॉन डिसँटिस २०२२ मध्ये फ्लोरिडात १९ टक्क्यांच्या फरकाने जिंकले आणि जानेवारी २०२४ मध्ये आयोवातल्या पक्षांतर्गत पहिल्या फेरीनंतरच राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले. स्वतः ख्रिस्टी २०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत सहावे आले, सात टक्क्यांच्या आसपास.

राहिली पुलाची भानगड. ९ सप्टेंबर २०१३ ला, फोर्ट लीमध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणाऱ्या तीनपैकी दोन मार्गिका बंद झाल्या. गाव शुक्रवारपर्यंत कोंडीत. जानेवारी २०१४ मध्ये गव्हर्नरच्या उपप्रमुख सहकारी ब्रिजेट केली यांचा ‘फोर्ट लीत जरा वाहतुकीची अडचण करायची वेळ झाली’ अशा अर्थाचा ईमेल बाहेर आला. आपल्याला काही माहीत नव्हतं, असं ख्रिस्टींनी सांगितलं आणि त्यांच्यावर आरोपपत्र कधीच आलं नाही. केली यांची शिक्षाही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केली: सत्तेचा गैरवापर झाला, पण या कायद्याखाली तो गुन्हा ठरत नाही.

म्हणजे हा घात बाहेरून आलेला नव्हता. गावोगावच्या डेमोक्रॅटिक महापौरांचे पाठिंबे गोळा करून ६० चा आकडा सजवण्याची जी मोहीम चालली होती, तिच्यातूनच तो निघाला. फोर्ट लीच्या महापौरांनी पाठिंबा दिला नव्हता, त्याचीच शिक्षा म्हणून ती कोंडी. ते गाव बर्गन काउंटीत येतं, आणि बर्गन ख्रिस्टींनी त्यांच्याशिवायच जिंकली.