रविवारी सहकुटुंब कॉफीला कसे जावे

रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन बाहेर कॉफी प्यायला जाणं ही एक कला आहे. मला ती वयाच्या पन्नाशीपर्यंत जमलेली नाही, हे गेल्या रविवारी माटुंग्यात सिद्ध झालं. ज्यांना ती जमते, त्यांना शेजारच्या टेबलावरून पाऊण तास बघायचं भाग्य मात्र लाभलं. जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते. फी नाही.

पहिली गोष्ट, कॉफी प्यायची असेल तर कॉफी प्यायला जाऊ नका. आमचं तिथंच चुकलं. आमच्या सासूबाई, वय 78, दादरच्या एका शाळेत 31 वर्षं शिकवत होत्या. पगाराच्या दिवशी त्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी चालत माटुंग्याला जायच्या आणि एका उडप्याकडे इडली आणि फिल्टर कॉफी घ्यायच्या. घरी कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाळ, तीही एकादशीला नाहीतर पाहुणे आले तर. "तिथल्या कॉफीत जायफळ नसायचं आणि समोर सासू नसायची," असं त्या अजून सांगतात. (सांगतात तेव्हा समोर मी असते. असो.) गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून एकच घोकणं चाललं होतं, एकदा ती कॉफी प्यायची आहे. म्हणून आम्ही निघालो. सासूबाई, वन्सं, नवरा आणि मी. इतका अडाणी हेतू घेऊन हल्ली कोणी घराबाहेर पडतं का?

दुसरी गोष्ट. मध्य रेल्वेवर राहत असाल तर रविवारच निवडा. मेगाब्लॉकबद्दल मी काही बोलणार नाही.

तिसरी गोष्ट टेबलाची. अशा हॉटेलांच्या दारात एक माणूस वही घेऊन उभा असतो. त्याला नाव सांगायचं, माणसं किती ते सांगायचं आणि फुटपाथवर वाट बघायची, अशी साधीभोळी समजूत आहे. तुम्ही असं करू नका. दोघांनी पुढे यायचं आणि सहा सांगायचं. टेबल मिळालं की उरलेल्या चार खुर्च्यांवर एक पर्स, एक जॅकेट (मुंबईत, मे महिन्यात), एक हेल्मेट आणि एक चार्जर बसवायचा. कोणी विचारलं तर "येताहेत, पार्किंग शोधताहेत." माटुंग्यात पार्किंग शोधणारा माणूस कधी येतो हे ज्यांना माहीत आहे त्यांनी गप्प बसावं. बाहेर वहीची दोन पानं भरली होती. सासूबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसायला गेल्या, पण गुडघा वाकेना. शेवटी गजरेवालीनं स्वतःचं स्टूल काढून दिलं आणि ती उभी राहून गजरे गुंफत राहिली. तिला ही कला येत नसावी.

एके काळी इथं ओळख ना पाळख अशा माणसांच्या टेबलावर बसायची रीतच होती. समोरचा सांबार ओरपतोय, आपण उपमा खातोय, कोणी कोणाशी बोलत नाही, उठताना फक्त मान हलवायची. अजूनही काही ठिकाणी बसवतात तसं. पण आपल्या टेबलावर चार्जर बसलेला असताना परक्या म्हातारीला कुठं बसवणार?

चौथी. मुलांच्या हातात मोबाइल द्या आणि आवाज पूर्ण ठेवा, म्हणजे कार्टूनमधल्या सशाचं पुढे काय झालं ते गल्ल्यावरच्या अण्णांनाही कळेल.

पाचवी. वेटरला हाक मारायची नसते. चुटकी वाजवायची, ती जमत नसेल तर शुक शुक.

सहावी. मेन्यू भिंतीवर लिहिलेला असतो, टेबलावरही असतो. तो वाचू नका. वेटरला सगळा म्हणून दाखवायला लावा, तो रसम वड्यापाशी आला की "पावभाजी नाही का?" असं विचारा. मग ऑर्डर हप्त्याहप्त्यानं द्या. आधी दोन इडल्या, त्या आल्या की सांबार वेगळं, ते आलं की चटणी परत, ती आली की "अरे, इडली गार झाली."

सातवी... सातवीच ना? हो. सातवी गोष्ट म्हणजे रील.

हिच्यासाठीच मी लिहायला बसले, तेव्हा जरा सविस्तर सांगते. फिल्टर कॉफी नुसती पिणं हा तिचा अपमान आहे. ती करायला वेळ किती लागतो! भोकं असलेल्या भांड्यात पूड दाबायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि थेंब थेंब डिकॉक्शन खाली उतरेपर्यंत थांबायचं, घाई केली की फिकं पाणी हाती लागतं. पुडीत चिकोरी असते, तिच्यानं रंग आणि दाटपणा येतो. मग उकळतं दूध. म्हणजे ती कॉफी टेबलावर येते तेव्हा भाजेल इतकी गरम असते, आणि म्हणून तर पेल्याखाली ती खोलगट वाटी असते, दवरा. यातून त्यात, त्यातून यात ओतायची, की ती निवते आणि फेस येतो. पिण्याजोगी व्हावी म्हणून निघालेली युक्ती आहे ती. सर्कस नाही.

पण आपल्याला सर्कसच हवी. म्हणून वेटरला सांगायचं, "बॉस, वरून ओत ना, एकदम वरून, व्हिडिओ घेतोय." आमच्या शेजारच्या निळ्या टीशर्टनं हेच सांगितलं. (हो, शेवटी आम्हाला टेबल मिळालं. 50 मिनिटांनी.) वेटर म्हणजे जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, एका हातावर तीन डोशांच्या ताटल्या. त्या दुसऱ्या टेबलावर ठेवून आला बिचारा. ओतली. पहिल्यांदा मोबाइल आडवा धरला होता म्हणून बाद. दुसऱ्यांदा मागून एक बाई गेली म्हणून बाद. ती बाई मी, हात धुवायला चालले होते. "ओ मॅडम, फ्रेममधून व्हा ना बाजूला!" हात धुवायचं बेसिन फ्रेममध्ये कोणी बांधलं कोण जाणे. तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं तर फेसच येईना, कारण तोवर कॉफी निवली होती. मग काय करायचं? नवी मागवायची! "गरम आण, एकदम गरम, वाफ दिसली पाहिजे."

तो नवी घेऊन आला. चार टेबलांवरून शुक शुक चालू, आतून कोणीतरी त्याच्या नावानं ओरडतोय, आणि हा उभा, एक हात डोक्याच्या वर, एक हात कमरेशी. "अजून वर. अजून वर रे!" म्हणत निळ्या टीशर्टनं त्याचं कोपर खालून उचललं. आपल्या हातानं. मी बघत होते. धार तुटली आणि उकळती कॉफी त्या पोराच्या डाव्या मनगटावर, थोडी सासूबाईंच्या पदरावर.

आता पुढचा भाग नीट लिहून घ्या, कारण असा प्रसंग आला तर पहिल्या सेकंदात काय बोलायचं हे पाठ हवं. "ए! आंधळा आहेस का? माझा शर्ट खराब झाला असता!"

झाला असता. शर्टावर थेंब नव्हता.

मग मालकाला बोलवायचं. "कसली माणसं ठेवता?" मालक हात जोडतो, कारण रविवार आहे आणि बाहेर वही भरली आहे. मग हळूच विषय बिलावर आणायचा, कारण आता ते कमी होण्याची सुवर्णसंधी आहे. आणि इथं आपला नागरिक जागा होतो. जो माणूस "प्लीज" म्हणताना कधी ऐकला नाही, त्याला ग्राहकाचे हक्क कलमवार पाठ असतात. "सर्व्हिस चार्ज लावता येत नाही, माहीत आहे ना? बेकायदा आहे!" अहो, लावलेलाच नाही. इडली-वड्याच्या हॉटेलात कोण लावतं? 2022 च्या जुलैमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की तो आपोआप बिलात घालायचा नाही, 2025 च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं, सगळं खरं. पण बिलात नसलेल्या रकमेविरुद्ध लढा देणारा क्रांतिकारक मी पहिल्यांदाच पाहिला. "मग जीएसटी कसला? एसी कुठं आहे तुमचा?" साहेब, साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के आहे, एसी असो नाहीतर पंखा असो, 2017 च्या नोव्हेंबरपासून. मोबाइल हातातच होता ना? चार व्हिडिओ निघाले त्यात, एवढं बघता आलं नाही?

मालकानं दोन कॉफ्या बिलातून वजा केल्या. टिप अर्थातच नाही. "सर्व्हिसच अशी, तर टिप कसली!"

आठवी गोष्ट होती गल्ल्यापाशी "मी देतो, मी देतो" करत एकमेकांचे खिसे दाबण्याबद्दल, आणि नववी एका कॉफीवर तीन तास लॅपटॉप उघडून बसण्याबद्दल. राहू द्या. मला आता गंमत सुचत नाहीये.

मघाशी टीशर्टाचा हिशेब चालला होता, तेव्हा सासूबाईंनी काय केलं ते सांगते. पदर झटकला नाही. हातरुमाल पाण्याच्या ग्लासात बुडवला, त्या पोराला "इकडे ये" म्हणाल्या, अगदी वर्गातल्यासारखं, आणि त्याच्या मनगटावर तो रुमाल ठेवला. "बर्फ लावू नकोस. आत जा आणि नळाखाली हात धर, चांगला वेळ. आत्ता जा." तो म्हणाला, "आजी, अभी नहीं. सात नंबर का डोसा है." आणि ओला रुमाल मनगटाला गुंडाळून सात नंबरचा डोसा घेऊन गेला.

माटुंग्यातल्या या हॉटेलांचं आपण कौतुक किती करतो. कॅफे मद्रास 1940 चं, रामा नायकांचं बोर्डिंग 1942 चं, पाहुण्यांना आपण अभिमानानं सांगतो. (आम्ही गेलो होतो ते यांतलं नव्हे. नाव सांगत नाही, कारण हॉटेलचा काडीचा दोष नाही.) पण मुंबईतली उडप्यांची ही सगळी दुनिया उभी कोणी केली? दक्षिण कन्नडातून कोवळ्या वयात आलेल्या, भांडी विसळणाऱ्या, टेबलं पुसणाऱ्या पोरांनीच ना? दिवसा फडका मारायचा आणि रात्री कन्नड रात्रशाळेत जायचं, अशी शिकली ती. सासूबाईंना हे माहीत आहे. त्यांच्या वेळचा एक वेटर म्हणे त्यांना इंग्रजीचं व्याकरण विचारायचा, इडली ठेवता ठेवता. आजचा पोरगा उत्तरेकडून आला असेल, फरक एवढाच.

आणि तुम्ही त्याला शुक शुक करता.

लाज वाटत नाही? सरळ विचारते. निळ्या टीशर्टातल्या माणसा, तुझ्या पोराच्या हातावर कोणी उकळती कॉफी सांडली असती तर हॉटेल डोक्यावर घेतलं असतंस. इथं तू स्वतः ढकललास त्याचा हात, आणि वर त्यालाच आंधळा म्हणालास. तुझी बायको मान खाली घालून डोसा चिवडत होती, तिला दिसलं होतं. तुझी दोन्ही मुलं बघत होती. ससा बघायचं सोडून बघत होती. काय शिकली असतील?

आणि तू एकटा नाहीस. सहा जणांची जागा धरणारे आम्हीच, वेटरचं नाव वीस वर्षांत एकदाही न विचारणारे आम्हीच, घरच्यांना आनंद द्यायचा म्हणून बाहेर पडायचं आणि तिथल्या एका माणसाचा दिवस नासवून परतायचं. हे कुटुंबवत्सल लोक. मीही आलेच यात. मी काय बोलले त्या वेळी? काही नाही. नवऱ्यानं डोळ्यांनी "जाऊ दे" केलं आणि मी जाऊ दिलं. 78 वर्षांची बाई उठून रुमाल भिजवते आणि मी पर्समध्ये टिश्यू शोधत बसते, आणि घरी येऊन लेख लिहिते.

सासूबाईंनी त्यांची कॉफी प्यायली. सावकाश, दवऱ्यात दोनदा ओतून, फार उंचावरून नाही. कशी होती विचारलं तर "तशीच आहे" म्हणाल्या, एवढंच. निघताना त्या पोराला शोधत होत्या, रुमाल परत घ्यायला नाही, हात बघायला.

तो शेजारच्या टेबलापाशी होता. ते सगळे जण तोवर निघून गेले होते. चौथ्यांदा ओतायला लावलेल्या कॉफीतली पेल्यात राहिलेली अर्धी कोणी तोंडालाही लावली नव्हती. तिच्यावर साय धरली होती. एका हातानं तो टेबल पुसत होता.