लाकडी इमारतीत राहणं : 'सातारकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सातारकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती आणि चांगलीच तापलेली होती. खाली दोन ओळी टाकून भागलं नसतं, म्हणून हे वेगळं लिहितेय. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. युरोपातल्या लाकडी अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना काय अनुभव येतात, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात माडीवरच्या दोन खोल्यांत तुमचं लहानपण गेलं, भाडं महिना तीस रुपये. पावसाळ्यात घरभर पातेली मांडायची. एका तुळईचा वाळवीनं आतून भुसा केला. जरा पाय आपटला की खालचे मालक काठीनं छत ठोकायचे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली सात दिवस जळत होता. युरोपातलं लाकूड इकडे चालणार नाही. आणि शेवटी, 'सांगलीत आरसीसी फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून लाकडाचं कौतुक करायला तुमचं काय जातंय?'

पंख्याखाली बसलेय हे खरं. पण पातेलं इथंही आहे. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून ठिबकतंय आणि ते कुणी दुरुस्त करायचं, हा वाद सोसायटीत अजून मिटलेला नाही.

आवाजाबाबत आपलं भांडणच नाही. स्वीडनमधल्या रहिवाशांचीही ठळक तक्रार तीच आहे. शेजारच्यांचं बोलणं, टीव्ही यांचा त्रास फारसा नाही; ऐकू येते ती वरच्या माणसाच्या टाचांची धपधप. लाकडी जमीन हलकी, त्यामुळे पावलांचा खर्जातला आवाज तिला अडवता येत नाही. आणि आवाज मोजायची रूढ पद्धत १०० हर्ट्झच्या (हर्ट्झचा आकडा जितका कमी, तितका आवाज खर्जातला) खालचं काही धरतच नव्हती. म्हणजे कागदावर इमारत पास, आणि राहणारा रात्री दोनला छताकडे बघत पडलेला! तिथल्या संशोधकांनी राहणाऱ्यांची गाऱ्हाणी आणि मोजमापं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की पार २० हर्ट्झपर्यंतचा आवाज धरल्याशिवाय या तक्रारींचा हिशेब लागत नाही. मी वास्तुविशारदांना सोडून रहिवाशांचं लिहिलं, ते यासाठीच.

यावर उपाय म्हणजे जमिनीला वजन द्यायचं, मध्ये मऊ थर घालायचा आणि खालचं छत वरच्या जमिनीपासून सुटं ठेवायचं. सांगलीच्या गावभागातल्या वाड्यात माडीवर माझी आत्या राहायची. ती खलबत्त्याखाली गोणपाटाची चौपदरी घडी घालायची. तिकडे फरशीखाली रबराचा थर घालतात, त्यातलाच हा प्रकार. वजनाचं काम आपल्याकडे माती करायची. कडीपाटावर (लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) मातीचा जाड थर, त्यावर शेणानं सारवलेली जमीन नाहीतर शहाबादी. थर नीट असेल तर आवाज बराच दबतो. आत्याकडे तो जागोजागी उघडा पडला होता, फळ्यांच्या फटीतून माती गळायची, आणि गोणपाट असूनही खालच्या काकू ओरडायच्या, "अहो, आमटीत माती पडली!" नंतर त्यांनी कडीपाटाखाली जुनं नऊवारी बांधून टाकलं.

अर्थात याच मातीची दुसरी बाजूही आहे. किल्लारीला १९९३ मध्ये दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची (सपाट धाब्याची) माती लोकांच्या अंगावर आली. आणि त्याच ढिगाऱ्यांत बऱ्याच घरांच्या खणांचे लाकडी सांगाडे मात्र उभे राहिलेले होते. कोयनेचा १९६७ चा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला यावर जास्त सांगायला नको.

आता आग. शनिवारवाडा मी नाकारत नाही, उलट भर घालते. स्वीडनमध्ये १८८८ साली उमेओ आणि सुंडस्वाल ही शहरं एकाच दिवशी जळाली, आणि दोन मजल्यांहून उंच लाकडी इमारत बांधायला तिथं १९९४ पर्यंत मनाई होती. इंग्लंडनं लंडनच्या ग्रेनफेल या निवासी टॉवरच्या आगीनंतर २०१८ मध्ये १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळाऊ सामान वापरायला बंदी केली, त्यात लाकूडही आलं. लंडनच्या मरे ग्रोव्हमधल्या नऊ मजली इमारतीत (२००९) तर आत राहणाऱ्याला लाकूड दिसतही नाही, सगळं जिप्सम बोर्डाखाली झाकलेलं. पण जाड लाकूड आणि बारीक लाकूड एकसारखं जळत नाही. जाड खांबाचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला झाकतो. आग मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर आत सरकते, म्हणजे तासाला चारेक सेंटिमीटर. वीतभर जाडीच्या खांबाचा गाभा तासाभरानंतरही शिल्लक राहतो. भरभर पेटतात त्या रिपा, वासे, फळ्या. वाड्यात माणसाला धोका असतो तो खांबावर खिळे ठोकून फिरवलेल्या जुन्या वायरींचा, जिन्याखाली ठेवलेल्या सिलिंडरचा, आणि सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकाच अरुंद जिन्याचा. यातलं काहीही लाकडानं मागून घेतलेलं नाही.

गळती आणि वाळवीचा दोष लाकडाला देणं मात्र मला अजिबात पटलेलं नाही. कौलं दर वर्षी मिरगाच्या आधी चाळून घ्यावी लागतात. एक फुटकं कौल तसंच राहिलं की पाणी वाशावर, तिथून तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकावर. तिथं वारा नाही, ओल वाळत नाही. लाकडातली ओल विसेक टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कूज धरते, आणि ओलीच्या मागून वाळवी येते. कौलं का चाळली गेली नाहीत? उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे : तीस रुपये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठवली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. तिसावर चार टक्के म्हणजे एक रुपया वीस पैसे. कौलं चाळणाऱ्याची मजुरी राहू द्या, त्याचा चहासुद्धा त्यात होत नाही. मालक म्हणणार परवडत नाही, भाडेकरू म्हणणार ते मालकाचं काम, आणि दोघंही मनातल्या मनात बिल्डरची वाट बघणार.

तुम्हीच पुढे लिहिलंय की मालकांच्या सोप्यात (ओसरीत) उन्हाळ्यात निम्मी आळी झोपायला यायची आणि तिथले खांब आरशासारखे चकचकीत होते. वाडा तोच, लाकूड तेच, वयही तेच. मग वाळवी फक्त भाडेकरूंच्या बाजूला कशी लागली?

तिकडच्या लाकडी फ्लॅटनाही पाण्याची धास्ती आहेच. किंबहुना जास्त, कारण बोर्डाखाली मुरलेली ओल लवकर दिसत नाही. आपल्याकडे निदान डाग तरी दिसतो.

'तिकडचं इकडे चालणार नाही' हे तुमचं बरोबरच आहे, फक्त त्याचं कारण जंगलतोड नाही. हलक्या लाकडी इमारती उन्हाळ्यात लवकर तापतात, अशी तक्रार युरोपातही होते. सांगलीच्या एप्रिलमध्ये काय होईल ते सांगायला नको. वाडा गार राहतो तो पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंतींमुळे आणि चौकामुळे. सांगलीच्या विश्रामबागेत अठरा मजली लाकडी टॉवर बांधा, असं मी कुठंही म्हटलेलं नाही. नॉर्वेतल्या म्यॉस्टोर्नेट या अठरा मजली लाकडी टॉवरलाही (२०१९) वाऱ्यात डुलू नये म्हणून वरच्या मजल्यांवर काँक्रीटच्या जमिनी घालून वजन द्यावं लागलंच.

राहता राहिला तुमच्या सासुरवाडीचा वाईतला वाडा. 'तोही वाचवा म्हणणार का?' असं विचारलंत. न बघता कसं म्हणू? बिल्डरच्या करारावर सही करण्याआधी एवढं करा. प्रत्येक खांब दगडावर टेकतो तिथं आणि तुळया भिंतीत शिरतात तिथं जाड स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड गेलेलं आहे, नाही गेला तर वाडा 'धोकादायक' म्हणणाऱ्याला कशावरून ते विचारा. वाड्याची मजबुती तपासायला (ऑडिटला) असा इंजिनिअर शोधा ज्यानं याआधी लाकडी वाडा दुरुस्त केलाय. फक्त आरसीसी केलेल्याला सगळेच वाडे धोकादायक दिसतात. आणि एवढं करून पाडायचाच ठरला, तर करारात सागवानाचा भाव वेगळा लिहून घ्या. 'राडारोडा आम्हीच उचलून नेतो' असं कंत्राटदार मोठ्या मनानं सांगतो ना, त्या राडारोड्यात तुळया, खांब आणि दिंडी दरवाजाही मोजलेले असतात.