क्लिपा जोडल्याने क्वालिटी जात नाही

व्हिडिओवाल्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो: ‘क्लिपा जोडल्या की क्वालिटी जातेच. वाचवायची तर एक्स्पोर्टला बिटरेट दुप्पट ठेवा, जमलं तर ४के करा. सगळ्या क्लिपा एमपी४ असल्या की बाकी काही बघायला नको.’ यातलं एकही वाक्य धड नाही.

क्वालिटी जाते ती पुन्हा एन्कोड केल्याने. एडिटिंग ॲप प्रत्येक फ्रेम उलगडतं आणि नव्याने कॉम्प्रेस करतं, त्यात बारकावे जातात. नुसतं जोडायला हे लागतच नाही. एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरला क्लिपांच्या नावांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये द्यायची, ‘कॉनकॅट’ (जोड) या पर्यायाने ती वाचायला लावायची आणि कोडेकच्या, म्हणजे कॉम्प्रेस करायच्या पद्धतीच्या, जागी ‘कॉपी’ लिहायचं. आतला डेटा आहे तसा नव्या फाइलीत उतरतो. वेळ जातो तो डिस्कवर लिहिण्यात. कमांडचा कंटाळा असेल तर हेच काम बटणांवर करणारं लॉसलेसकट आहे, तेही फुकट. स्नेहसंमेलनाचं सलग शूटिंग घ्या. मेमरी कार्ड फॅट३२ या फॉरमॅटचं असेल तर एक फाइल ४ जीबीपलीकडे जात नाही, म्हणून कॅमेराच तुकडे पाडतो. एकाच सेटिंगचे हे तुकडे रात्रभर एक्स्पोर्टला लावणं म्हणजे शिजलेला भात परत कुकरला लावणं. फार तर सांध्यावर आवाजात बारीक टिचकी येईल.

बिटरेट म्हणजे दर सेकंदाला वापरलेला डेटा. तो दुप्पट केल्याने गेलेले बारकावे परत येत नाहीत, फाइल तेवढी फुगते. ४के केल्यावर वाढीव पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. टायटल किंवा ट्रान्झिशन टाकायचं असेल तर एन्कोड करावंच लागतं. तिथे चढा बिटरेट पुढचं नुकसान कमी करतो, इतकंच. आणि मूळ क्लिप व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून आली असेल तर ती आधीच दाबलेली असते. पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फरक डोळ्यांना दिसेल.

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या वाक्याने होतो. एमपी४ हा नुसता डबा. आत एका क्लिपेत एच.२६४ कोडेक असेल, दुसरीत एच.२६५. एकीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, दुसरीचा ४८. अशा क्लिपा ‘कॉपी’ने जोडल्या तर सॉफ्टवेअर अनेकदा निमूटपणे फाइल बनवून देतं, आणि दुसरी क्लिप सुरू झाली की चित्र गोठतं किंवा आवाज ओठांच्या मागे पडतो. मोबाइल उभा धरलाय की आडवा, ही बऱ्याचदा फाइलीतली नुसती नोंद असते; दोन्ही प्रकार मिसळले की एक क्लिप कुशीवर झोपते. म्हणून आधी फाइलीची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो ॲपमध्ये कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेम रेट आणि ऑडिओ बघून घ्या. वेगळी निघेल तेवढीच क्लिप बाकीच्यांच्या सेटिंगवर एन्कोड करा. फरक फक्त आवाजात असेल तर आवाजच बदला, चित्र ‘कॉपी’वरच राहू द्या.

खरी अडचण कापताना येते, आणि तिच्याबद्दल या सल्ल्यात अवाक्षर नाही. ‘कॉपी’ने कापलेला तुकडा कीफ्रेमपासूनच, म्हणजे अधूनमधून पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासूनच, स्वच्छ सुरू होतो, त्यामुळे हव्या त्या फ्रेमवर कात्री चालत नाही, थोडं आधीपासून घ्यावं लागतं.