पोटात काय घावलं, आणि ते पोटात गेलं कसं

गेल्या आठवड्यात आमच्या तासगावच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला. द्राक्षबागेत औषध मारताना एक तरणा पोरगा कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला, आणि नातेवाईक बाहेर बसून राहिले की कारण सांगा, त्याशिवाय बॉडी ताब्यात घेणार नाही. ग्रुपवर निम्मे म्हणतायत डॉक्टर मॅनेज होतात, निम्मे म्हणतायत पोलीसच दाबतात, आणि मग कुणीतरी मला विचारलं, डॉक्टर, तिकडं तुमच्यात कसं असतं? चार ओळीत सांगता येईना म्हणून इथं लिहितोय.

मी मिरजेत एमबीबीएस केलं, आता कॅनडात टोरांटोत फॅमिली डॉक्टर आहे आणि त्याच्या जोडीला कोरोनरचं, म्हणजे अचानक किंवा संशयास्पद मृत्यूचा तपास करायचं, काम करतो. आमच्या ओंटारियो प्रांतात कोरोनर डॉक्टरच असावा लागतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तो निवडून येतो, कॅलिफोर्नियात तर अनेक काउंटीत शेरीफच, म्हणजे तिथला पोलीसप्रमुखच, कोरोनर असतो, त्यामुळं लोकांचा घोळ होतो. आणि मी पोस्टमार्टम करत नाही बरं का, ते पॅथॉलॉजिस्ट करतो, ते करायचं की नाही हे मात्र मी ठरवतो.

रात्री दोनला फोन येतो. बाहेर बर्फ, विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, दारात पोलीस उभा, आत म्हातारा एकटाच गेलेला. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण अशा घरात मी आधी बॉडी बघत नाही, गोळ्यांची डबी बघतो, वारांचे कप्पे असलेली. बुधवारपर्यंतचे कप्पे रिकामे, गुरुवारचा भरलेला, म्हणजे माणूस कधीपर्यंत हिंडत-फिरत होता ते साधारण कळतं. मग फ्रीज, टपालाचा ढीग, बाथरूममधली चटई सरकलीय का. मग शेजाऱ्यांना विचारायचं. कोण, कुठं, कधी, कशानं आणि कोणत्या प्रकारानं गेला, या पाच प्रश्नांची उत्तरं मला द्यावी लागतात, आणि शेवटच्या प्रश्नाला नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून किंवा सांगता येत नाही यातलं एक लिहावं लागतं. आणि मग घरच्यांना फोन करून समजावून सांगायचं, ते परत परत तेच विचारतात, आपण परत परत तेच सांगायचं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तेच.

आपल्याकडं हे कुणाचंच काम नाहीये. आपल्याकडं अकस्मात मृत्यूची नोंद होते, पोलीस इन्क्वेस्ट पंचनामा करतात (पूर्वी सीआरपीसी कायद्याचं कलम १७४, जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम १९४), डॉक्टरसमोर बॉडी आणि पोलिसांचा कागद येतो, डॉक्टर स्वतः बागेत गेलेला नसतो. व्हिसेरा (लॅबला पाठवायचे पोटातले अवयव) राखून ठेवला असं लिहितो आणि पुढच्या बॉडीकडं वळतो, त्याला दोष कसा द्यायचा, बाहेर शंभर माणसं ओरडत असतात. कोरोनर आपल्यालाही होता, १८७१ च्या कायद्यानं, पण महाराष्ट्रात फक्त मुंबईपुरता, आणि १९९९ मध्ये तोही बंद केला. सांगली-साताऱ्याच्या वाट्याला तो कधी आलाच नाही.

आमचा चुलतभाऊ, आम्ही आण्णा म्हणायचो, २०१७ ला ऑक्टोबर छाटणीनंतर बागेतच गेला. व्हिसेराचा रिपोर्ट खूप उशिरा आला, त्यात कीटकनाशक निघालं. आता द्राक्षवाल्याच्या अंगात कीटकनाशक निघणार नाही तर काय निघणार! ते श्वासातनं जातं, कातडीतनं जातं, आणि पिऊनही जातं, लॅबला एवढंच कळतं की ते आत आहे. पंपाचा नोझल गळत होता का, शर्ट पाठीवर भिजला होता का, हातमोजे होते का, जवळ बाटली-पेला पडला होता का, आदल्या दिवशी तो कुणाला काय बोलला, हे बघणारं आणि विचारणारं कुणी नव्हतं. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात विम्याचे दोन लाख अपघात की आत्महत्या या एका शब्दावर अडले, कारण आत्महत्या त्यात बसत नाही. पण पैशाचं सोडा, चुलतीनं गावात मान वर करून चालायचं की नाही हेही त्याच शब्दावर ठरलं.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. इथं माणूस मेल्याचं वास आल्यावर कळतं, तासगावात अर्ध्या तासात अख्खी आळी दारात असते, आणि एवढे साक्षीदार मला इथं कधीच मिळत नाहीत. इथंही एका नावाजलेल्या तज्ज्ञाच्या चुकीच्या अहवालांमुळं निरपराध आईबाप तुरुंगात गेले, त्याची चौकशी होऊन २००८ मध्ये न्यायमूर्ती गूज यांचा अहवाल आला. पण ती चौकशी सगळ्यांसमोर झाली. साठच्या दशकात इथं मॉर्टन शुलमन नावाचा डॉक्टर मुख्य कोरोनर होता, सरकारला अडचणीचे प्रश्न विचारायचा, १९६७ ला काढून टाकलं त्याला, आणि आज आमचं ऑफिस ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला त्याचंच नाव आहे.

म्हणून ग्रुपवाल्यांना माझं म्हणणं एवढंच की रात्री पोस्टमार्टम करा, तपासणीची मशीन आणा या तुमच्या मागण्या ठीकच आहेत, पण तालुक्याला एक तरी डॉक्टर असा मागा जो बॉडी हलायच्या आधी बागेत जाईल आणि नंतर घरच्यांसमोर बसेल. पोलीस ठाण्याच्या हाताखालचा नको.

मागच्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा चुलतीनं पिशवीतनं सातबाऱ्याबरोबर ठेवलेला रिपोर्ट काढला, झेरॉक्सची झेरॉक्स, घड्यांवर फाटलेली. "तू डॉक्टर हाईस, वाच. पोटात काय घावलं रं?" तासभर ओळ न् ओळ मराठीत सांगितली. सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी त्यानं पिलं न्हवतं ना?" मी म्हणालो, काकी, ते ह्या कागदात नाही, ते कुणी विचारलंच नाही. तिनं कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की. सकाळीच म्हणाला हुता, पंप गळतोय."